उझबेकिस्तान ट्रेनने: ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समरकंद-बुखाऱ्याबद्दल मेसेजमध्ये जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र टाकलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की नंबर दिलाय, तिकडे बघा. आणि सगळं वाचायचा कंटाळा असेल तर निदान 4 नंबर वाचाच, कारण बहुतेकांची ट्रिप तिथेच अडकते.

1. पाच-सहा दिवस सुट्टी आहे, काय काय होईल?

ताश्कंद, समरकंद, बुखारा. बस. ही तीन शहरं एकाच रेल्वेलाइनवर एका पाठोपाठ आहेत त्यामुळे वाकडं कुठे जायला लागत नाही. ताश्कंदला उतरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेनने समरकंद, तिथे दोन रात्री, मग बुखारा दोन रात्री, आणि बुखाऱ्याहून एकदम ताश्कंदला परत. खिवा सातव्या-आठव्या दिवसाशिवाय घालू नका (का ते 11 मध्ये).

लोक आधी हॉटेलं बुक करतात आणि मग ट्रेन शोधतात, तिथेच सगळं फिसकटतं. आधी ट्रेनची तिकिटं, मग त्या तारखांना हॉटेल. हॉटेलं भरपूर आहेत, सीट नाहीत. समरकंद आधी की बुखारा आधी हेही तिकिटालाच ठरवू द्या. सरळ बुखारा गाठून परत येताना समरकंद केलं तरी काही बिघडत नाही.

2. इथून जायचं कसं आणि व्हिसा लागतो का?

व्हिसा लागतो, पण ई-व्हिसा आहे, घरबसल्या होतो. सिंगल एंट्रीचे 20 डॉलर, 30 दिवस राहता येतं. तीन कामाचे दिवस म्हणतात पण आठ-दहा दिवस हातात ठेवून करा, फोटो रिजेक्ट होणं वगैरे होतं. फक्त सरकारी साइटवरच भरा, सर्चमध्ये वर वर दिसणाऱ्या एजंट लोकांच्या साइट तेवढ्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात.

विमान दिल्लीहून थेट ताश्कंद, तीन तासांच्या आसपास. मुंबईहून थेट विमान कधी असतं कधी नसतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हापासून या रूटवर बरंच खालीवर झालंय, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या भरवशावर राहू नका, तुमच्या तारखा टाकून बघा. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, त्यामुळे जेट लॅग वगैरे काही नाही.

3. अफ्रोसियोब, शार्क हे काय प्रकार आहेत? कुठली ट्रेन घ्यायची?

अफ्रोसियोब म्हणजे त्यांची हायस्पीड. स्पेनची टाल्गो कंपनीची गाडी आहे, 2011 पासून ताश्कंद–समरकंद धावते, 2016 पासून बुखाऱ्यापर्यंत. ताशी 250 पर्यंत जाऊ शकते, रोज तेवढी पळत नाही पण ताश्कंद–समरकंद हे 344 किलोमीटर ती दोन तास आणि वर थोडी मिनिटं एवढ्यात काढते. समरकंद–बुखारा साधारण दीड तास. क्लास तीन: इकॉनॉमी, बिझनेस, व्हीआयपी. इकॉनॉमी एकदम मस्त आहे, आपल्या शताब्दीच्या चेअर कारपेक्षा ऐसपैस, दोन तासांसाठी बिझनेसचे पैसे कशाला घालवायचे.

शार्क ही जुन्या पद्धतीची, इंजिनाने ओढलेली दिवसाची गाडी. समरकंदला साडेतीन तासांच्या आसपास, बुखाऱ्याला सहा. एसी आहे, स्वच्छ आहे, आणि खरं सांगायचं तर वाईट अजिबात नाही. लोकांचा अफ्रोसियोबचाच हट्ट असतो, पण दीड तास जास्त बसायला लागणं याने सुट्टी वाया जात नाही, तिकीट न मिळाल्याने जाते. रात्रीच्या गाड्या वेगळ्या, त्या 12 मध्ये.

4. तिकीट किती दिवस आधी काढायचं?

बुकिंग उघडेल त्या दिवशी. मस्करी नाही करत. साधारण दीड महिना आधी विक्री सुरू होते पण हा आकडा अधूनमधून बदलतो, म्हणून दोन महिने आधीपासून साइट उघडून बघत राहायचं. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अफ्रोसियोबच्या सीट बघता बघता उडतात कारण टूर कंपन्या ग्रुपच्या ग्रुप उचलतात. आपल्याकडे गणपतीला कोकणात जायची तिकिटं ज्याने काढलीत त्याला वेगळं सांगायला नको.

तिकीट रेल्वेच्या अधिकृत साइटवर किंवा त्यांच्याच अॅपवर मिळतं, इंग्लिशमध्ये पण आहे. पीडीएफ येते, त्यावर क्यूआर कोड असतो. मोबाइलमध्ये चालतं, तरी एक प्रिंट जवळ ठेवा, फोनची बॅटरी नेमकी स्टेशनच्या दारातच मान टाकते.

विक्री एकेका तारखेप्रमाणे उघडते, त्यामुळे तुमची तिन्ही तिकिटं एका दिवशी निघणार नाहीत. पहिलं निघालं की लगेच हॉटेल पक्कं करायची घाई नको, किंवा फुकट कॅन्सल होणारं घ्या.

5. साइटवर बुखारा, खिवा सापडतच नाही!

सापडतं, स्पेलिंग वेगळं आहे. उझबेक लॅटिन लिपीत आपल्या 'ख' साठी एक्स लिहितात. म्हणजे खिवा: एक्स-आय-व्ही-ए. बुखारा: बी-यू-एक्स-ओ-आर-ओ. समरकंदमध्ये मधे क्यू. ताश्कंद टी-ओ-एस-एच ने सुरू होतं. स्टेशनच्या बोर्डावर पण हेच, त्यामुळे एकदा डोळ्याखालून घालून ठेवा, बरं पडतं.

6. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव आहे, तिकिटावर काय टाकू?

हा खास आपला मराठी प्रश्न, दर आठवड्याला येतो. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव एकत्र असतं आणि साइटवर मात्र नाव, आडनाव असे रकाने. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये जे आहे ते सगळं जसंच्या तसं नावात टाका, आडनाव आडनावात. स्वतःच्या मनाने काही कापू नका. जागा कमी पडली तर निदान पहिलं नाव आणि आडनाव पूर्ण यायला हवं. त्याहून महत्त्वाचा पासपोर्ट नंबर, दारात तो ताडून बघतात, त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर मात्र कटकट. आणि मधल्या काळात पासपोर्ट रिन्यू करणार असाल तर आधी रिन्यू, मग तिकीट.

7. कार्ड चालतच नाहीये, पेमेंट फेल होतंय. काय करू?

भारतीय कार्डांचं हे नेहमीचं आहे. पहिलं म्हणजे बँकेच्या अॅपमध्ये इंटरनॅशनल ऑनलाइन पेमेंट चालू केलंय का बघा, अर्ध्या लोकांचं तिथेच सुटतं. रुपे आणि यूपीआय विसरा. व्हिसाचं नाही चाललं तर मास्टरकार्ड ट्राय करा किंवा उलट. वेबसाइटवर अडलं तर अॅपवर, अॅपवर अडलं तर वेबसाइटवर. तरीही नाहीच झालं तर तिथल्या एजंटकडून थोडं कमिशन देऊन काढता येतं, किंवा जिथे हॉटेल बुक करताय त्यांना मेल टाका, बरेच जण काढून देतात. खिडकीवर पण तिकीट मिळतं पण सीझनमध्ये तिथे पोहोचून काढू म्हणणं म्हणजे जुगार.

8. अफ्रोसियोब फुल्ल आहे. ट्रिप कॅन्सल करू का?

अजिबात नाही. या क्रमाने जा: शार्क बघा. मग खिवा, उर्गेंच, तेर्मिझ, कार्शी अशा लांबच्या गाड्या समरकंदवरून जातात का ते बघा, त्यात मधल्या स्टेशनपर्यंत तिकीट मिळून जातं (वेळ मात्र रात्री-अपरात्रीची असू शकते). रोज सकाळी एकदा साइट उघडून बघायची सवय ठेवा, ग्रुपवाले सोडलेल्या सीट परत टाकतात.

शेवटचा उपाय शेअर टॅक्सी. ताश्कंद–समरकंद चार-पाच तास, गाडी बहुतेक पांढरी शेवरोलेच असणार कारण रस्त्यावर निम्म्याहून जास्त तीच दिसते. सीटप्रमाणे पैसे, चार जण झाले की निघतात. घाई असेल तर रिकाम्या सीटचे पैसे तुम्ही द्यायचे. वाटेत गॅस भरायला थांबली की सगळ्यांना खाली उतरवतात, पंपाच्या बाहेर उभं राहायचं आणि गाडी भरून आली की बसायचं, काही बिघडलंय असं वाटून घाबरू नका.

9. ताश्कंदला दोन स्टेशनं आहेत म्हणे?

हो, आणि एकमेकांपासून लांब आहेत. एक मध्यवर्ती, जुने लोक त्याला नॉर्थ म्हणतात, तिथे मेट्रोचं ताश्कंद नावाचं स्टेशन शेजारीच. दुसरं साउथ, उझबेकमध्ये 'जानुबी'. तिकिटावर कुठलं छापलंय ते वाचा आणि टॅक्सीवाल्याला नुसतं 'वोक्झाल' म्हणजे स्टेशन असं सांगू नका, तो तुम्हाला त्याच्या मनातल्या स्टेशनला नेईल. जाताना एका स्टेशनवरून आणि येताना दुसऱ्या, असंही होऊ शकतं.

10. स्टेशनवर किती आधी जायचं? प्लॅटफॉर्मवर सोडायला कोणी येऊ शकतं का?

पाऊण तास आधी. इथे स्टेशनच्या आवारात शिरतानाच पासपोर्ट आणि तिकीट दाखवायचं, बॅगा स्कॅनरमधून जातात, कधी कधी दोनदा. म्हणून सोडायला आलेले बाहेरच राहतात. गाड्या वेळेवर सुटतात, आपल्यासारखं 'पाच मिनिटं थांबेल' नाही. डब्याच्या दारात युनिफॉर्ममधली अटेंडंट परत पासपोर्ट बघते, मगच आत. हमाल क्वचित, आणि जुन्या गाड्यांना पायऱ्या उंच, त्यामुळे उचलता येईल एवढीच बॅग.

11. खिवा करावं की नाही?

करावं, पण दिवस असतील तर. खिवाचं इचान काला म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं गाव, 1990 मध्ये देशातलं पहिलं युनेस्को वारसास्थळ झालं. मातीच्या रंगाची भिंत, आत सगळं चालत दीड दिवसात होतं, आणि तो अर्धवट राहिलेला जाडजूड निळा-हिरवा कल्ता मिनार. गणितवाल्यांसाठी अजून एक: अल-ख्वारिझ्मी याच ख्वारिझ्म प्रांताचा, अल्जेब्रा शब्द त्याच्याच ग्रंथावरून आला.

अडचण अंतराची आहे. बुखाऱ्याहून ट्रेनने सहा-सात तास, सगळं किझिलकूम वाळवंट, पहिला तासभर खिडकीतून बघायला भारी वाटतं आणि मग झोप लागते. खिवाला स्वतःचं स्टेशन 2018 पासून आहे, तटबंदीच्या पूर्वेकडच्या दरवाजापासून चालत येण्यासारखं. त्याआधी उर्गेंचला उतरून तीसेक किलोमीटर टॅक्सी करायला लागायची, अजूनही काही गाड्या उर्गेंचपर्यंतच जातात, तेव्हा तिकीट नीट बघा. परत ताश्कंदला येताना ट्रेनने पूर्ण रात्र जाते, म्हणून बरेच जण उर्गेंचहून विमान पकडतात. माझं मत: एकतर उर्गेंचला विमानाने जाऊन तिकडून ट्रेनने बुखारा, समरकंद, ताश्कंद असं उलटं या, नाहीतर खिवा पुढच्या वेळेला ठेवा. पाच दिवसांत चारही शहरं करणाऱ्यांच्या फोटोत नंतर कुठला घुमट कुठला हे त्यांनाच सांगता येत नाही.

12. रात्रीच्या गाडीत प्लात्सकार्त, कुपे म्हणजे काय? बायकांसाठी ठीक आहे का?

प्लात्सकार्त म्हणजे आपला स्लीपर: उघडा डबा, साइड बर्थसकट. कुपे म्हणजे दार लागणारी चार बर्थची खोली. एसव्ही म्हणजे दोन बर्थची. चादर, उशी मिळते, डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो तिथून चहा, कप नूडल्स, सगळं होतं. आपला चहा-मसाला आणि साखर घेऊन गेलात तर राणीसारखं राहाल.

एकट्या बाईने जायचं तर मी उलटं सांगेन, प्लात्सकार्तच घ्या. उघड्या डब्यात आज्या, पोरं, सगळं कुटुंबच्या कुटुंब असतं, बंद खोलीत तीन अनोळखी पुरुषांबरोबर रात्र काढण्यापेक्षा ते बरं. दोघी-तिघी किंवा फॅमिली असेल तर कुपे. खायला काही आणलं असेल तर समोरच्यांना विचारल्याशिवाय खायचं नाही, ते तर विचारणारच, नाही म्हटलं तरी नान तुमच्या हातात येणार.

13. समरकंद एका दिवसात होतं का? ताश्कंदहून जाऊन-येऊन?

ट्रेनच्या हिशोबाने होतं, माणसाच्या हिशोबाने नाही. रेगिस्तान चौक दोनदा बघायचा असतो, एकदा सकाळी आणि एकदा दिवे लागल्यावर, आणि डे-ट्रिपवाले दुसऱ्या वेळी गाडीत बसलेले असतात. तीन मदरसे समोरासमोर: डावीकडचा उलुघबेगचा (तैमूरचा नातू, राजा आणि खगोलशास्त्रज्ञ) 1417 ते 1420 मधला, उजवीकडचा शेर-दोर त्यानंतर दोनशे वर्षांनी, आणि मधला तिल्ला-कारी, ज्याच्या आत सोन्याचा मुलामा आहे. शेर-दोरच्या कमानीवर नीट बघा, वाघासारखे पट्टे असलेले सिंह हरणामागे धावतायत आणि त्यांच्या पाठीवर चेहरा असलेला सूर्य. इस्लामी इमारतीवर जिवंत प्राणी आणि माणसाचा चेहरा, गाइड न घेता फिरणाऱ्या निम्म्या लोकांच्या नजरेतून हे सुटतं.

मग गुर-ए-अमीर, तैमूरची कबर, काळपट हिरव्या जेडच्या दगडाखाली. इथे मराठी माणसाने दोन मिनिटं जास्त थांबावं असं मला वाटतं. 1398 मध्ये दिल्ली लुटणारा हा तैमूर, त्याच्या वंशातला बाबर, आणि बाबरानंतरच्या पाचव्या पिढीतला औरंगजेब आपल्या खुलताबादला, उघड्यावरच्या साध्या कबरीत. घराण्याचं एक टोक इथे, दुसरं संभाजीनगरपासून तासाभराच्या आत.

शाह-ए-झिंदा चुकवू नका. निळ्या कबरींची गल्ली आहे, चढायला पायऱ्या, आणि तिथले लोक चढताना-उतरताना पायऱ्या मोजतात, दोन्ही वेळचा आकडा सारखा आला तर इच्छा पूर्ण होते म्हणे. उलुघबेगची वेधशाळा बघायला गेलात तर जमिनीत खणलेला तो दगडी चाप तेवढाच उरलाय, 1908 मध्ये सापडला. खगोलशास्त्राची आवड नसेल तर बीबी खानमच्या मशिदीला जास्त वेळ द्या, शेजारीच सियाब बाजार आहे, तिथून समरकंदचे जड, चकचकीत नान घ्या.

14. बुखारा स्टेशनवरून शहर इतकं लांब का दाखवतंय मॅपवर?

कारण स्टेशन बुखाऱ्यात नाहीच, कागान नावाच्या वेगळ्या गावात आहे, बारा-पंधरा किलोमीटर. 1888 मध्ये रशियनांची रेल्वे आली तेव्हा पवित्र शहराजवळ ती आगगाडी नको म्हणून लाइन लांबून नेली, असं सांगतात. पुढे अमिराने त्याच कागानमध्ये स्वतःचा एक महालही बांधून घेतला, ते सोडा. टॅक्सी अॅपवरूनच मागवा (19 बघा), बाहेर उभे असलेले तिप्पट सांगतात. परतीच्या दिवशी हॉटेलहून गाडीच्या वेळेआधी दीड तास निघा. जुन्या गल्ल्यांत गाडी आत येत नाही, बॅग ओढत मुख्य रस्त्यापर्यंत यायला लागतं हेही धरा.

15. बुखाऱ्यात दोन रात्री जास्त नाही का होत?

नाही होत. समरकंदला मोठ्या इमारती आहेत आणि मधे रुंद रस्ते, बुखारा मात्र अजून राहतं गाव आहे, सगळं चालत. कल्यान मिनार 1127 चा, साधारण 47 मीटर उंच, विटांचेच वेगवेगळे नक्षीपट्टे आहेत, रंग जवळजवळ नाहीच. सामानी घराण्याची कबर त्याहून जुनी, दहाव्या शतकातली, छोटीशी, नुसत्या विटा फिरवून फिरवून विणलेली टोपली वाटते. दुपारी ऊन असतं तेव्हा व्यापाराच्या जुन्या घुमटांखाली फिरा, कात्र्या आणि सुऱ्या करणारे लोहार बसलेले असतात, करकोच्याच्या आकाराची कात्री घ्यायची असेल तर चेक-इन बॅगेतच टाका. संध्याकाळी ल्याबी हौजच्या कट्ट्यावर, तुतीच्या झाडाखाली. तिथे गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा आहे, लहानपणी गोष्टी वाचल्या असतील तर पोरांबरोबर तुम्हीही फोटो काढाल.

16. ताश्कंदला थांबावं का? सगळे म्हणतात काही नाही तिथे.

1966 च्या भूकंपात जुनं शहर बरंच गेलं, म्हणून समरकंदसारखं काही दिसत नाही हे खरं. पण एक दिवस द्या. मेट्रो 1977 ची, मध्य आशियातली पहिली, एकेक स्टेशन बघण्यासारखं, आणि 2018 पर्यंत फोटोला बंदी होती ती आता उठलीय. कोस्मोनावत्लार स्टेशनवर भिंतीवर अंतराळवीर आहेत. चोरसू बाजाराचा निळा घुमट, आणि शास्त्रीजींचा पुतळा. लालबहादूर शास्त्री इथेच गेले, 11 जानेवारी 1966 ला पहाटे, आदल्या दिवशी करारावर सही करून. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून बरोबर होते.

17. आम्ही शुद्ध शाकाहारी, उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण कंटाळाल. इथे पुलाव (ते ओश म्हणतात) म्हणजे मटण, गाजर, भात आणि वर कधी कधी घोड्याच्या मांसाचे काप. 'गोश्त नको' म्हटलं की ते मटणाचे तुकडे बाजूला काढून तोच भात वाढतात, आणि सुपाचं पाणीही हाडाचंच असतं. म्हणून नीट विचारा. खात्रीचे पदार्थ: लाल भोपळ्याचे सामसे (पण चरबी घातलीय का विचारा), टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, दही, कायमाक म्हणजे साय, तंदूरचे नान, अंडी, आणि फळं. उन्हाळ्याच्या शेवटी खरबूज असं गोड मिळतं की जेवण नको वाटतं. ताश्कंद आणि समरकंदला भारतीय हॉटेलं आहेत, बुखारा-खिव्याला त्यांच्या भरवशावर राहू नका. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या किंवा ठेपले, एवढं बॅगेत असू द्या.

आणि मांसाहारी असाल तर ओश दुपारीच खा. मोठ्या कढईतला दुपारपर्यंत संपतो, रात्री मिळणारा बऱ्याचदा उरलेला.

18. जायला चांगला महिना कुठला?

एप्रिल, मे, सप्टेंबर, ऑक्टोबर. जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चाळीस दिवसांचा कडक उन्हाळा, त्याला तिथे 'चिल्ला' म्हणतात, पारा चाळीसच्या वर. मे महिन्याच्या शाळेच्या सुट्टीत जाणार असाल तर पहिला पंधरवडा बरा. डिसेंबर-जानेवारीत शून्याखाली जातं, गर्दी नसते, तिकिटं आरामात मिळतात, थंडी झेपणाऱ्यांनी खुशाल जावं. 21 मार्च नवरोज, त्या आठवड्यात गाड्यांना स्थानिक गर्दी असते.

19. पैसे कसे न्यायचे? टॅक्सीवाले फसवतात का?

डॉलर न्या, नव्या कोऱ्या नोटा, घडी-डाग नसलेल्या. तिथे बँकेत किंवा हॉटेलच्या काउंटरवर सोम मिळतात, एका डॉलरला बारा-तेरा हजारांच्या घरात, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळेच लखपती. शून्यांची सवय होईपर्यंत पैसे सावकाश मोजा. मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, बाजारात आणि छोट्या चहाच्या ठिकाणी रोखच.

टॅक्सीसाठी यांडेक्स गो अॅप, भारतातूनच टाकून ठेवा. पैसे रोख देता येतात, भाव अॅपवर दिसतो, भाषेची अडचण मिटते. रस्त्यावर हात करून थांबवली तर आधी भाव ठरवा. फसवणूक म्हणाल तर एवढीच, बाकी माणसं फार चांगली. 'हिंदिस्तान?' विचारतात आणि राज कपूरचं किंवा मिथुनचं नाव घेतात, वय बघून ओळखा कुणाचं घेणार.

20. हॉटेलवाला एक चिठ्ठी देतो, ती ठेवायची का?

ठेवायची. परदेशी माणसाची राहण्याची नोंद हॉटेल करतं आणि त्याची चिठ्ठी देतं. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, बहुतेकांना विमानतळावर कोणी विचारतही नाही, तरी घरी येईपर्यंत पासपोर्टमध्ये असू द्या. गोची दोन ठिकाणी होते. एक, रात्रीच्या गाडीत झोपलात तर त्या रात्रीची चिठ्ठी नसते, म्हणून ते तिकीट जपून ठेवा. दोन, मित्राच्या घरी किंवा नोंदणी न करणाऱ्या स्वस्त फ्लॅटवर राहिलात तर तीन दिवसांच्या आत नोंद करून घ्यायची जबाबदारी मालकाला आधीच विचारून ठेवा. वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे असलेल्या भाच्याकडे उतरणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी हे.

21. आई-बाबा सत्तरीचे आहेत, झेपेल का? औषधं नेता येतात का?

अफ्रोसियोबने झेपेल, रात्रीच्या गाडीचे वरचे बर्थ नाही. एका शहरात दोन रात्री हा नियम त्यांच्यासाठी तर मोडूच नका. शाह-ए-झिंदाच्या पायऱ्या आणि खिव्याच्या मिनारांचे अंधारे, उंच जिने सोडून बाकी सगळं सपाट आहे. हॉटेलांत कमोड असतो, जेट स्प्रे सहसा नसतो, छोटी बाटली बरोबर ठेवा.

औषधांबाबत मात्र गंमत नको. ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, झोपेच्या काही गोळ्या यावर तिथे फार कडक नियम आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्यांना अडचण नाही, पण सगळं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची इंग्लिशमधली चिठ्ठी बरोबर. गुडघेदुखीसाठी ट्रामाडॉल चालू असेल तर डॉक्टरांना विचारून पर्याय घ्या. ड्रोनही घरीच ठेवा, सरळ बंदी आहे.

22. शहरिसब्झ किंवा बाबराचं गाव जोडता येईल का?

शहरिसब्झ हे तैमूरचं जन्मगाव, समरकंदहून डोंगर ओलांडून टॅक्सीने दिवसात जाऊन येता येतं. अक-सराय महालाची फुटकी कमान खरंच अवाढव्य आहे. पण आजूबाजूची जुनी वस्ती पाडून इतकं गुळगुळीत उद्यान केलंय की 2016 मध्ये युनेस्कोने ते धोक्यातल्या यादीत टाकलं. समरकंदचा तिसरा दिवस असेल तरच.

बाबर अंदिजानचा, 1483 चा जन्म. ते फरगाना खोऱ्यात, ताश्कंदच्या बरोबर उलट्या दिशेला. ट्रेन जाते, वाटेत 19 किलोमीटरहून लांब कामचिक बोगदा लागतो, 2016 मध्ये झालेला. रेशीम आणि चिनी मातीची भांडी यांची आवड असेल तर तो वेगळा तीन दिवसांचा कार्यक्रम करा, मुख्य ट्रिपमध्ये कोंबू नका.

23. ट्रेन चुकली किंवा प्लॅन बदलला तर पैसे परत मिळतात का?

गाडी सुटायच्या आधी रद्द केलं तर काही कापून परत मिळतात, जितका उशीर तितकी कपात. ऑनलाइन काढलेलं असेल तर ज्या खात्यातून काढलं तिथूनच रद्द होतं, म्हणून एजंटकडून घेतलं असेल तर एजंटलाच पकडायला लागतं (7 मधला हा तोटा). भारतीय कार्डावर पैसे यायला वेळ लागतो, रोज बँकेला फोन करू नका. गाडी सुटून गेल्यावर मात्र आशा सोडा आणि खिडकीवर पुढच्या शार्कची चौकशी करा. एकट-दुकट माणसाला शेवटच्या क्षणी एखादी सीट बऱ्याचदा मिळते, सहा जणांच्या ग्रुपला नाही, त्यांनी सरळ 8 मधली टॅक्सी. आणि परतीचं विमान ज्या दिवशी आहे त्याच दिवशी बुखाऱ्याहून ताश्कंदला येणारी गाडी घेऊ नका, आदली रात्र ताश्कंदला काढा, मेट्रो तेव्हा बघून होते.